अठ्ठ्याऐंशी शून्यं

साहेबांनी खुर्ची पुढे ओढून दिली तेव्हाच मोजणीबाईंनी सावध व्हायला हवं होतं. बावीस वर्षांत त्या कचेरीतल्या एकाही साहेबाने त्यांना "बसा" म्हटलं नव्हतं. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर ओलं जाळं आणि अंगाला माशांचा वास, अशा बाईला बसवून खुर्ची कोण खराब करून घेईल? पण हे नवे साहेब भलते सभ्य. पस्तिशीचे, कडक इस्त्रीचे, आणि बोलणं असं गोड की समोरच्याने आपली मान आपणच पुढे करावी.

"बाई, आभार मानायला बोलावलंय," ते म्हणाले. "ओढ्याचा प्रश्न एकदाचा सुटला. तुमच्या नोंदींमुळे सुटला."

बाईंना आधी बरंच वाटलं. खोटं कशाला बोला, कौतुक कोणाला नको असतं? आणि बाईंचं कौतुक करायला बावीस वर्षांत कोणाला सवड झाली नव्हती. जलमोजणी खात्यात त्यांचं काम एकच. महिन्यातून एकदा शहराच्या कडेने जाणाऱ्या ओढ्यात उतरायचं, ठरलेल्या जागेपासून पन्नास पावलं जाळं ओढायचं, सापडलेले मासे जातवार मोजायचे, आकडे फॉर्मात लिहायचे आणि मासे पुन्हा पाण्यात सोडायचे. लोक हसायचे. "काय बाई, आज किती आले शाळेत?" असं काठावरचा टायरवाला दर वेळी विचारायचा. बाई हसत नसत. त्या आकडा सांगत.

"कुठला प्रश्न?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी एक अहवाल पुढे सरकवला. छान बांधलेला, गुळगुळीत कागदाचा. तिसऱ्या पानावर एक तक्ता होता आणि त्याखाली जाड अक्षरांत लिहिलं होतं: प्रवाह निर्जीव.

"सलग चार महिने ज्यात एकही मासा नाही तो प्रवाह जिवंत धरत नाहीत," साहेब समजावून सांगू लागले. "तसा नियमच आहे. तुमच्या नोंदीत बावीस वर्षं, दर वर्षी चार महिने, शून्य. एकदाही चूक नाही. आता ओढा पाइपात घालता येईल आणि वरून रस्ता नेता येईल. पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे, पण ती नावापुरती."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

"अहो साहेब, ते शून्य वाहत्या पाण्याचं आहे," त्या म्हणाल्या. "फॉर्मावर वरच छापलंय. पाणी वाहत नसल्यास शून्य लिहावे. म्हणून लिहिलं. मासे नाहीत असं मी कुठं म्हटलं?"

"शून्याचा दुसरा अर्थ काय होतो बाई?" साहेबांनी हसून विचारलं. हसणंही सभ्यच होतं.

आता हे शून्य काय प्रकरण आहे ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हीही साहेबांच्याच बाजूने मान डोलवाल. हा ओढा वर्षातले आठ महिने वाहतो आणि चार महिने वाहत नाही. वाहत नाही म्हणजे मेला नाही. चालणारा माणूस बसला म्हणून त्याला कोणी खांदा देत नाही. धार तुटते, वरची वाळू पांढरी पडते, पण पुलाखाली, वळणावर, झाडाच्या मुळाशी डोह राहतात. कुठे खाटेएवढे, कुठे परातीएवढे. आणि त्या डोहांत कोण असतं हे त्या अख्ख्या खात्यात एकाच माणसाला माहीत होतं.

पाणी सुटलं की पहिले तीन दिवस डोहातले मासे बाहेर पडतात. बाई त्यांना "घरचे" म्हणत. दगडाखाली चिकटून राहणाऱ्या मुऱ्या, चिखलात मिशा खुपसून बसणाऱ्या शिंगट्या, वर येऊन तोंडाने हवा घेणारी मरळ. मग चौथ्यापाचव्या दिवशी खालच्या मोठ्या नदीतून चंदेरी, बोटभर लांबीचे मासे धारेच्या उलट वर चढत येतात. पोटं फुगलेली, घाई झालेली. या बाईंच्या "बाळंतिणी". त्या अंडी घालतात आणि महिनाभरात सगळा ओढा पिलांनी भरून जातो. तेव्हा जाळ्यात चौदा-पंधरा जाती येतात आणि मोजता मोजता बाईंची बोटं आखडतात. पुढे धार बारीक व्हायला लागली की ज्यांना जोरकस पाणी लागतं ते आधी निघतात. बाळंतिणी निघतात, पिलं निघतात. ज्यांना उशीर होतो ते डोहात अडकतात. तिथे गर्दी होते, मोठे लहानांना खातात, पाणी तापतं, नाजूक असतात ते मरतात. शेवटी राहतात पुन्हा घरचेच. तेच पुढच्या वर्षी पाणी सुटल्यावर पहिल्यांदा बाहेर पडतात. डोह गेला तर ओढ्यात पाणी येईल, पण ओढ्यात असणार कोण?

हे सगळं बाईंनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी ऐकूनही घेतलं. मग म्हणाले, "फार इंटरेस्टिंग आहे. पण हे कुठे नोंदलेलं आहे का?"

नव्हतं. बाईंनी ते कुठेच नोंदलं नव्हतं. त्या उठल्या, समोर ठेवलेला पाण्याचा ग्लास तसाच सोडला आणि बाहेर आल्या. जिन्यात त्यांनी साहेबांना एक शिवी दिली. पुढची शिवी मात्र त्यांनी स्वतःला दिली, आणि ती जास्त वाईट होती. कारण खरी गोष्ट अशी होती की फॉर्मावर छापलेल्या त्या ओळीआड लपण्याचा हक्क बाईंना उरला नव्हता.

पहिली सहा वर्षं त्या कोरड्या महिन्यांतही ओढ्यावर गेल्या होत्या. डोहात हात घालून पाहिलं होतं. पहिल्याच वर्षी त्यांनी फॉर्मात "डोहात मुऱ्या तीस" असं लिहिलं, तर तेव्हाच्या साहेबाने ते खोडून शून्य करायला लावलं. "रकाना नाही त्याची माहिती द्यायची नाही," तो म्हणाला. पुढे सातव्या वर्षी कोरड्या महिन्यांची जीप बंद झाली. शून्य लिहायला डिझेल कशाला जाळायचं, असा हिशेब. बाई तेव्हा भांडल्या असत्या तर गोष्ट वेगळी. पण त्या भांडल्या नाहीत. उन्हातान्हात जायचं टळलं, गुडघ्याला आराम मिळाला, बरंच झालं. त्यानंतर दर वर्षी त्या टेबलाशी बसून चारही महिन्यांचे फॉर्म एकाच दुपारी भरून टाकायच्या. चहा पिता पिता. सोळा वर्षं, चौसष्ट फॉर्म. पेन उचलून गोल काढायचा आणि सही ठोकायची. शून्य लिहायला ओढ्यावर जावं लागत नाही, ही चूक फक्त मोजणाऱ्या माणसालाच सुचते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जीपच्या ड्रायव्हरला गाठलं. त्याला सगळी कचेरी मामा म्हणायची. वीस वर्षं त्याने बाईंना ओढ्यावर सोडलं होतं आणि वीस वर्षं तो वासाबद्दल कुरकुरत होता.

"मामा, ओढ्यावर चला."

"आत्ता? कोरडा ठणठणीत आहे तो. काय वाळू मोजायचीय?"

"चला म्हटलं ना."

बाईंचा चेहरा पाहून मामाने किल्ली उचलली. टायरच्या दुकानामागे जीप लावली. पात्रात उतरायची जुनी पायवाट काटेरी झुडपांनी बुजली होती. कुणीतरी फुटक्या संडासाची भांडी आणून टाकली होती, प्लास्टिकच्या पिशव्या, एक गादी. सोळा वर्षांत बाईंनी या दिवसांतला ओढा पाहिलाच नव्हता. साहेब खरा निघाला तर? पुलाखालचा डोह आटला असेल, घरचे कधीच मेले असतील आणि आपण उगाच छाती बडवत असू, तर?

डोह होता. पूर्वीच्या निम्मा, दोन खाटांएवढा, वर हिरवट साय आलेली. बाईंनी चपला काढल्या, साडी खोचली आणि आत शिरल्या. पाणी कोमट होतं आणि पायाखालचा गाळ पोटरीपर्यंत गिळत होता. त्यांनी वाकून पहिला दगड उचलला. खाली काही नव्हतं. दुसरा उचलला, काही नव्हतं. तिसऱ्याखाली बोटांना काहीतरी गार, चपळ लागलं आणि निसटलं.

"मामा, बादली."

तास-दीड तास बाई वाकलेल्या होत्या. छोट्या हातजाळीने डोहाचा कोपरा न् कोपरा पिंजून काढला. मुऱ्या एक्केचाळीस. शिंगट्या नऊ. मरळी तीन, त्यातली एक वर येऊन बाईंच्या कोपराशेजारी हवा घेऊन पुन्हा खाली गेली, जसं काही बाई तिथे नव्हत्याच. सहा लहान खवलेवाले, त्यांतले दोन पोट वर करून तरंगत होते. मामा काठावर बसून आकडे लिहीत होता. त्याने नाकाला रुमाल लावलेला होता, पण आकडा लिहिताना तो काढायचा.

"एवढे सगळे इथे होते?" त्याने विचारलं. "दर वर्षी?"

"दर वर्षी," बाई म्हणाल्या. "आणि दर वर्षी मी तिकडे पंख्याखाली बसून यांना मारत होते."

मामाने बादली उचलून हळूच डोहात रिकामी केली. परतताना गाडीत तो वासाबद्दल एक शब्द बोलला नाही.

बाईंचं घर ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, दिवसभर खालून वाफेचा फुसफुसाट. नवरा बसमधला कंडक्टर, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, आता रेडिओ उघडून त्याचे तुकडे टेबलावर मांडायचा आणि बहुधा पुन्हा जोडायचा नाही. त्याने सगळं ऐकलं. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"तीन महिने राहिलेत तुझे," तो म्हणाला. "तीन महिन्यांनी हार घालतील, नारळ देतील, घरी ये. एवढ्याशा मुऱ्यांसाठी तू स्वतःहून जाऊन सांगणार की मी सोळा वर्षं खोटं लिहिलं? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"अवलक्षण आहेच. मी दाखवलं नाही म्हणून जाणार आहे का ते?"

"अगं, पण बाकीच्यांनी काय केलं? त्या पहिल्या साहेबाने खोडायला लावलं, त्याचं काय? जीप बंद केली त्याचं काय? चोर सोडून संन्याशाला फाशी."

"मी संन्यासी नाही," बाई म्हणाल्या. "मी त्यांतलीच एक चोर आहे. ते सगळे बढती घेऊन गेले आणि सही माझी राहिली. तुम्ही बसमध्ये तिकीट न फाडता कोणाला सोडलंत कधी?"

"सोडलं असेल. दहाबारा वेळा."

"आणि त्याच्यामुळे कोणी बस पाइपात घातली का?"

नवऱ्याला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. मग बराच वेळ तो रेडिओच्या तुकड्यांशी खेळत बसला. झोपायच्या आधी एवढंच म्हणाला, "गुरुवारी मी येतो तुझ्याबरोबर. मागच्या बाकावर बसेन, बोलणार नाही."

गुरुवारी सुनावणीच्या खोलीत पंखे गरगरत होते आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर पेपरवेट होते. समोर अध्यक्षबाई बसल्या होत्या, पिकल्या केसांच्या, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. साहेबांनी अहवाल वाचला. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "कोणाची हरकत?" तशा मोजणीबाई उभ्या राहिल्या.

"ही शून्यं माझी आहेत," त्या म्हणाल्या. "आणि ती खोटी आहेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डोहाचं, घरच्यांचं, बाळंतिणींचं, परवाच्या एक्केचाळीस मुऱ्यांचं. शेवटी चहा पीत एका दुपारी भरलेल्या फॉर्मांचंही सांगितलं. आवाज चढला होता. मागच्या बाकावर नवरा खाली मान घालून बसला होता.

साहेबांनी रागावून काही म्हटलं नाही. रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "बाईंच्या भावना आम्ही समजू शकतो. त्या निवृत्त होतायत, ओढ्याशी जिव्हाळा आहे. आपण असं करू, कोरड्या महिन्यांची अठ्ठ्याऐंशी पानं बाद करू. मग तिथे रकाना रिकामा राहील. आणि नियम बारा असा आहे की रिकामा रकाना असेल तिथे शून्य धरावं."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाईंना तळपायापासून आग लागल्यासारखं झालं. लिहिलं तरी शून्य, खोडलं तरी शून्य, मेलं तर मेलं आणि जगलं तरी मेलं, असला हा नियम कोणत्या उंटावरच्या शहाण्याने केला होता?

अध्यक्षबाईंनी चष्मा लावून नियमांचं पुस्तक उघडलं. पाच मिनिटं वाचलं.

"ते बरोबर सांगतायत," त्या म्हणाल्या. "पण नियम चौदाही आहे. नोंद एकतर सगळी ग्राह्य, नाहीतर सगळी अग्राह्य. तुमची बावीस वर्षांची सगळी नोंद अग्राह्य ठरली, तर या अहवालाला आधार राहत नाही. मग वर्षभर नव्याने मोजणी करावी लागेल. साचलेल्या पाण्यासकट, असं मी आदेशात लिहीन. तोपर्यंत तिथे कुदळ लागणार नाही."

"मग करा अग्राह्य," बाई म्हणाल्या.

"मी करू शकत नाही. नोंद करणाऱ्याने करायची असते. प्रत्येक पानावर, स्वतःच्या हाताने, रद्द लिहून सही." अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "प्रत्येक म्हणजे प्रत्येक. दोनशे चौसष्ट. जी खरी आहेत तीसुद्धा. एक जरी पान राहिलं तरी नोंद उभी राहते. आणि खात्यात तुमच्यावर चौकशी बसेल, ते माझ्या हातात नाही."

बाई उभ्याच राहिल्या. आठ महिने, बावीस वर्षं. एकशे शहात्तर पानं खरी होती. त्यातलं एकेक पान छातीएवढ्या पाण्यात उभं राहून भरलेलं होतं, तापात भरलेलं होतं, बोटाला शिंगटीचा काटा लागून रक्त गळत असताना भरलेलं होतं. या ओढ्यात कोण कधी येतं आणि कधी जातं हे जगात फक्त त्या पानांवर लिहिलेलं होतं. आता तेही खोटं, असं आपणच लिहून द्यायचं.

"म्हणजे मी खरं लिहिलं तेही खोटं म्हणू?" त्यांनी विचारलं.

"हो," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तुम्हाला लाज नाही वाटत का हो?" बाई म्हणाल्या. त्या अध्यक्षबाईंकडे पाहत नव्हत्या, साहेबांकडे पाहत होत्या. साहेब कागद नीट लावत होते. मग बाई म्हणाल्या, "कुठे बसायचं ते सांगा."

दप्तरखाना तळमजल्यावर होता. दप्तरी हा साठीला टेकलेला, कानात कापसाचे बोळे घालणारा माणूस. त्याने कपाटातून तीन गठ्ठे काढले, फडक्याने पुसले आणि बाईंसमोर ठेवले. स्वतः शेजारी बसला, कारण तसा नियम होता. प्रत्येक रद्द पानावर त्याचा शिक्का पडायचा होता.

कोरड्या महिन्यांची पानं बाईंनी आधी काढली. ती भराभर झाली. रद्द, सही, ठप्प. रद्द, सही, ठप्प. एकेक शून्य खोडताना बाईंना खरंच सुख वाटत होतं. दुपारच्या डब्याच्या वेळेपर्यंत अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी संपली.

मग ओल्या महिन्यांची सुरू झाली आणि हात चालेना. कारण बाई ती वाचू लागल्या. एका पानाच्या शेऱ्यात बाळंतिणी नवव्या दिवशी आल्याचं होतं, इतका उशीर कधीच झाला नव्हता. एकदा हाताएवढी लांब वाम सापडली, पुन्हा कधी नाही. एका वर्षी पिलं एवढी की बाईंनी शेवटी "मोजता आली नाहीत" असं लिहिलं आणि बोलणी खाल्ली. एका पानावर पाण्याचा थेंब पडून सातचा आकडा पसरला होता. बाई प्रत्येक पान वाचायच्या, त्यावर रद्द लिहायच्या आणि पुढचं घ्यायच्या. तोंडाने पुटपुटत होत्या, शिव्याच असाव्यात. दप्तरी शिक्का मारायचा. संध्याकाळी कचेरी बंद झाली तेव्हा निम्मी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास बाईंच्या हातात नवव्या वर्षाचं एक पान आलं आणि त्या थांबल्या.

त्या दिवशी सकाळी ओढ्याला पाणी सुटलं होतं. पहिल्या दिवसाची मोजणी वर्षातून एकदाच होते, त्याच दिवशी करावी लागते, दुसऱ्या दिवशी ते मासे तिथे नसतात. बाई कमरेएवढ्या पाण्यात होत्या, बत्तीस पावलं झाली होती. मामा काठावरून धावत आला. कचेरीत फोन आलाय, आईची तब्येत फार बिघडलीय, लगेच निघा. बाई म्हणाल्या, "अठरा पावलं राहिलीत. होऊ देत." त्यांनी अठरा पावलं ओढलं, मासे मोजले, लिहिले, सोडले. मग निघाल्या. त्या पोचल्या तेव्हा आई जाऊन वीस मिनिटं झाली होती. भाऊ म्हणाला, सारखी तुझंच नाव घेत होती.

पानावर आकडा होता तीनशे बारा. बावीस वर्षांत पहिल्या दिवशी एवढे मासे कधीच आले नव्हते. हे बाईंनी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही, पण त्या स्वतःला एक गोष्ट सांगत आल्या होत्या. आई गेली तेव्हा आपण नव्हतो, पण निदान ते पान आहे. ते तरी कायमचं राहील.

दप्तरीने पान पाहिलं, बाईंचा चेहरा पाहिला आणि कानातला एक बोळा काढला.

"काय झालं बाई?"

बाईंनी सांगितलं. दोन वाक्यांत, कोरड्या आवाजात.

"मग हे एक राहू द्या," दप्तरी हळूच म्हणाला. "मी ठेवतो बाजूला. दोनशे चौसष्ट पानं मोजायला कोण येतंय?"

"साहेब येतील," बाई म्हणाल्या. "त्यांना या जन्मात एकच गोष्ट नीट मोजायची आहे, आणि ती हीच. एक पान सापडलं तर नोंद उभी, आणि नोंद उभी तर ओढा गेला. द्या इकडे."

त्यांनी पान ओढून घेतलं आणि आकड्यांवरून रद्द लिहिलं. सगळा राग त्या बोटांत उतरला होता. साहेबांचा, खोडायला लावणाऱ्या त्या पहिल्या साहेबाचा, जीपचा, नियम बाराचा, चौदाचा, त्या अठरा पावलांचा. पेनाचं टोक कागदात रुतलं आणि कागद मधोमध फाटला.

दप्तरी शिक्का हातात घेऊन तसाच थांबला. त्याला सांगायचं जिवावर आलं होतं.

"बाई, फाटलेलं पान धरत नाहीत," तो म्हणाला. "नक्कल करावी लागेल. तुमच्याच अक्षरात, सगळे आकडे जसेच्या तसे. मग तिच्यावर रद्द."

बाईंनी कोरा फॉर्म मागून घेतला. तारीख लिहिली, सकाळची वेळ लिहिली, पाणी कमरेएवढं असं लिहिलं. मुऱ्या, शिंगट्या, मरळी, एकेका जातीसमोर एकेक आकडा उतरवला, पावलं पन्नास असं लिहिलं, खाली बेरीज केली, ती तीनशे बाराच आली. मग त्यावर दुसऱ्यांदा रद्द लिहिलं, सही केली आणि पान दप्तरीकडे सरकवलं.